जखम लहान, शस्त्रक्रिया तेवढीच

मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ आहे आणि शस्त्रक्रिया दुर्बिणीने करता येईल, असे सांगितले की बाह्यरुग्ण विभागात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला बहुधा रुग्णाच्या पत्नीचा किंवा थोरल्या भावाचा असतो : ‘‘डॉक्टर, एवढ्याशा भोकातून गाठ पुरती निघेल का? आत काही राहणार तर नाही ना?’’ दुसरा प्रश्न शहरात नोकरी करणाऱ्या मुलाचा : ‘‘दुर्बिणीनं म्हणजे दोन दिवसांत सुट्टी ना? मग तिसऱ्या दिवशी बाबांना गावी नेतो.’’ एकात भीती आहे, दुसऱ्यात निर्धास्तपणा. दोन्हींच्या मुळाशी समज एकच : बाहेरची जखम लहान, म्हणजे आतले कामही लहान.

प्रत्यक्षात तसे नसते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीवरचा घाव लहान होतो. आतड्यावर जे करायचे ते मात्र उघड्या शस्त्रक्रियेत होते तेच असते.

आत काय होते?

पूर्ण भूल दिल्यावर पोटात कार्बन डायऑक्साईड वायू भरला जातो. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि काम करायला जागा मिळते. अर्धा ते एक सेंटिमीटरची चार-पाच छिद्रे करून एकातून कॅमेरा आणि इतरांतून लांब दांड्याची उपकरणे आत जातात. आतले दृश्य पडद्यावर कित्येक पट मोठे दिसते.

कर्करोग फक्त गाठीत नसतो. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या कडेने लसिका ग्रंथी असतात आणि रोग बहुधा त्या वाटेने पसरतो. म्हणून ती रक्तवाहिनी मुळाशी बंद करून, गाठ, तिच्या दोन्ही बाजूंचे निरोगी आतडे आणि लसिका ग्रंथींसह सगळा पदर एकसंध काढावा लागतो. तपासणीत किमान १२ ग्रंथी सापडाव्यात, असा जगभर मान्य असलेला निकष आहे. त्याहून कमी सापडल्या, तर रोगाचा टप्पा खात्रीने सांगता येत नाही.

हा भाग अर्थातच अर्ध्या सेंटिमीटरच्या छिद्रातून निघत नाही. शेवटी साधारण पाच-सहा सेंटिमीटरचा एक छेद घेतला जातो आणि कडांना प्लास्टिकचे आवरण लावून तो भाग बाहेर काढला जातो. मग आतड्याची दोन टोके टाक्यांनी किंवा स्टेपलरने जोडली जातात.

शंका डॉक्टरांनाही होती

‘आत काही राहणार तर नाही ना?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शल्यचिकित्सकांनी तो स्वतःलाच दहा-बारा वर्षे विचारला होता.

भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उडवाडिया यांनी केली. पित्ताशयाची ही पद्धत पाहता पाहता सर्वत्र रुळली. मोठ्या आतड्याचा भाग दुर्बिणीने काढल्याचे पहिले अनुभव अमेरिकेतील मायामीचे डॉ. मोइझेस जेकब्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. पण पित्ताशयातले खडे आणि कर्करोग यांत फरक आहे. काही महिन्यांतच असे रुग्ण दिसू लागले, ज्यांच्या पोटावरच्या छिद्रांच्या जागीच कर्करोगाची नवी गाठ उगवली होती. वायूच्या दाबाने पेशी पसरतात काय, उपकरणांना चिकटून त्या जखमेत रुजतात काय, अशी चर्चा सुरू झाली. कर्करोगासाठी ही पद्धत केवळ शास्त्रीय चाचण्यांमध्येच वापरावी, असे ठरले.

अमेरिकेतील मोठ्या चाचणीत ४८ रुग्णालयांतील ८७२ रुग्ण होते. कोणाची शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने करायची, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरत होते. भाग घेणाऱ्या शल्यचिकित्सकाने आधी अशा किमान २० शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात, अशी अट होती. निष्कर्ष २००४ मध्ये आले. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के होते. म्हणजे व्यवहारात सारखेच. जखमेत रोग उगवण्याचे प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी निघाले. सुरुवातीचा दोष बराचसा नवख्या हातांचा आणि उघड्या जखमेतून गाठ ओढून काढण्याचा होता. युरोपातील चाचण्यांनीही साधारण हेच दाखवले.

गुदाशयाचा, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग अधिक अवघड. तो अरुंद कटिभागात असतो; लघवीच्या व लैंगिक क्रियेच्या नसा लगतच असतात. २०१५ मध्ये एका युरोपीय चाचणीत दोन्ही पद्धतींत तिथेच रोग उलटण्याचे प्रमाण ५ टक्के, म्हणजे सारखे आढळले. त्याच वर्षी अमेरिकेतील आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील दोन चाचण्यांना मात्र काढलेला भाग तितकाच निर्दोष असतो, याची खात्री देता आली नाही. म्हणून इथे पद्धतीपेक्षा हात किती सरावाचा आहे, हे जास्त महत्त्वाचे.

फायदा कोणता, धोका कोणता

फायदा खरा आहे. वेदना कमी होतात, रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागतो, आतड्याची हालचाल लवकर सुरू होते, जखम चिघळण्याचे प्रमाण घटते. पुढे केमोथेरपी लागणार असेल, तर ती वेळेत सुरू करणे सोपे जाते.

पण आतला सांधा तितकाच मोठा असतो. तो सुटला, तर आतड्यातला मळ पोटात उतरतो आणि जीव धोक्यात येतो. हे बहुधा पहिल्या आठवड्यात घडते, म्हणजे रुग्णाला बरे वाटू लागलेले असते आणि घरचे पिशव्या भरत असतात तेव्हा. म्हणून ‘तिसऱ्या दिवशी गावी’ ही घाई नको. घरी गेल्यावर ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे, धाप किंवा छातीत धडधड यांपैकी काहीही झाले, तर गावातच सलाईन लावून वाट न पाहता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचावे.

कधी दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच पोट उघडून पूर्ण करावी लागते. गाठ शेजारच्या अवयवाला चिकटलेली असते, आधीच्या शस्त्रक्रियेने आतडी जखडलेली असतात किंवा रक्तस्राव आवरत नाही. वर उल्लेखलेल्या अमेरिकी चाचणीतही २१ टक्के रुग्णांत हेच करावे लागले. नातेवाईकांना हे अपयश वाटते. खरे तर तो रुग्णाच्या हिताचा निर्णय असतो. आतडे पूर्ण बंद झाले असेल, फुटले असेल किंवा गाठ फार मोठी असेल, तर अनेकदा पहिल्यापासूनच उघडी शस्त्रक्रिया योग्य ठरते.

त्यामुळे संमतिपत्रावर सही करण्याआधी काही गोष्टी जरूर विचाराव्यात. अशा किती शस्त्रक्रिया इथे होतात? पोट उघडावे लागण्याची शक्यता किती? मळासाठी पोटावर पिशवी लागेल का. लागली तर तात्पुरती की कायमची? आणि नंतर, पॅथॉलॉजीच्या अहवालात किती ग्रंथी तपासल्या आणि कडा रोगमुक्त आहेत का?

मूळव्याध समजून वाया गेलेले महिने

रुग्ण किती जगेल हे छिद्राच्या आकारावर नाही, रोगाच्या टप्प्यावर ठरते. रोग आतड्याच्या भिंतीतच असताना सापडला, तर दहापैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात, असे अमेरिकेतील आकडे सांगतात. यकृतात पोहोचल्यावर हे चित्र पार बदलते.

आपल्याकडे वेळ जातो तो मूळव्याधीच्या समजुतीत. शौचावाटे रक्त पडले की आधी गावठी औषध, मग मलम, मग ‘इंजेक्शनने मूळव्याध बरी’ अशी पाटी. लाज असतेच, बायकांच्या बाबतीत ती अधिक. मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला असू शकतात, हे लक्षात घेतले जात नाही. शौचाची सवय काही आठवडे बदललेली असणे, पोट साफ न झाल्यासारखे सतत वाटणे, कारण नसताना वजन उतरणे, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. उजव्या बाजूच्या आतड्यातील गाठीत तर रक्त दिसतही नाही. फक्त हिमोग्लोबिन उतरते आणि रुग्ण महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेत राहतो. हा आजार केवळ म्हाताऱ्यांचा नाही. तिशी-चाळिशीतले रुग्णही येतात. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला झाला असेल, तर त्रास नसतानाही कोलोनोस्कोपी कधी करावी, हे डॉक्टरांना विचारावे.

रक्त पडत असेल, तर पहिली तपासणी साधी आहे. हातमोजा घालून बोटाने गुदद्वाराची तपासणी करायला मिनिटभर लागते, यंत्र लागत नाही, खर्चही नाही. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी त्या बोटाला लागतात. डॉक्टरांनी ती न करताच मलम लिहून दिले, तर ‘एकदा तपासून बघता का?’ असे रुग्णाने स्वतःहून म्हणावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.