अंतराळयानांसाठी एकवटलेला सूर्यप्रकाश

पृथ्वीजवळच्या अंतराळात प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,३६१ वॉट सौरऊर्जा पडते. सूर्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की ती एक चतुर्थांश उरते. गुरूजवळ तर जेमतेम सत्ताविसावा भाग. यानाची विजेची गरज मात्र अंतराबरोबर घटत नाही. त्यातच अंतराळात वापरले जाणारे बहुस्तरीय सौरघट अतिशय महाग असतात. तेव्हा घटांची संख्या वाढविण्याऐवजी भिंगांनी वा आरशांनी मोठ्या क्षेत्रावरील प्रकाश मोजक्या घटांवर एकवटावा, हा विचार पुढे आला.

त्याची खरी कसोटी लागली ती २४ ऑक्टोबर १९९८ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘नासा’च्या ‘डीप स्पेस-१’ या यानावर. त्याच्या सौरपंखांवर सिलिकोनची ७२० फ्रेनेल भिंगे होती. दीपगृहांसाठी एकोणिसाव्या शतकात विकसित झालेले हे भिंग जाड काचेचे काम खाचांच्या पातळ थरावर भागविते, म्हणून वजनाला हलके. या भिंगांमुळे ३,६०० घटांवर सुमारे सातपट प्रकाश पडे. त्यातून पृथ्वीजवळ मिळणाऱ्या अडीच किलोवॉट विजेचा मोठा वाटा झेनॉन वायूवर चालणाऱ्या आयन इंजिनासाठी होता. साहजिकच भिंगे फसली असती, तर मोहीमच खुंटली असती. तसे घडले नाही. सप्टेंबर २००१ मध्ये हे यान बोरेली धूमकेतूजवळून गेले.

अर्थात, या पद्धतीत अडचणीही आहेत. साधा सौरपंख सूर्यापासून थोडा कलला, तर वीज किंचितच कमी होते. भिंगाखाली मात्र प्रकाशाची पट्टी घटावरून सरकते आणि वीज झपाट्याने घसरते. शिवाय घट तापला की त्याची कार्यक्षमता उतरते, आणि हवाच नसल्याने ही उष्णता केवळ प्रारणाद्वारे बाहेर टाकावी लागते.

आरशांचा अनुभव तर अधिकच कटू ठरला. ‘बोइंग ७०२’ प्रकारच्या सुरुवातीच्या दळणवळण उपग्रहांत सौरपंखांच्या कडांना तिरपे परावर्तक जोडले होते. कक्षेत गेल्यावर त्यांवर धूसर थर साचत गेला आणि वीज अपेक्षेपेक्षा वेगाने घटू लागली. तेथे आरसा पुसायला कोण जाणार? पुढील उपग्रहांतून हे परावर्तक वगळण्यात आले.

२०११ मध्ये निघालेल्या ‘जुनो’ यानाने गुरूकडे जाताना भिंगांचा आधार घेतला नाही. मंद प्रकाशात चालणारे निवडक घट आणि तीन विस्तीर्ण पंख यांच्या बळावर तेथे सुमारे ५०० वॉट वीज मिळविली. भारताच्या २०१३ मधील मंगळयानानेही साध्या तीन फलकांवरच मंगळाजवळ ८४० वॉटची गरज भागविली.