पंधरा मिनिटांनंतरची फुंकर

आमच्या पीएफटी रूमचं, म्हणजे फुप्फुसांची ताकद तपासायच्या खोलीचं, दार बंद असलं तरी बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना माझा आवाज जातोच. फुंका, फुंका, फुंका… अजून, अजून, सोडू नका! फुंकर सहा सेकंद तरी चालू राहावी असं आम्ही बघतो, आणि धाप लागणाऱ्या माणसाला ते सहा सेकंद फार जड जातात. गळ्याच्या शिरा टरारतात, डोळ्यांत पाणी येतं. वयस्कर बायकांना मी आधीच बाथरूमला जाऊन यायला सांगते. एवढ्या जोराने फुंकताना लघवी सुटते, आणि त्या धास्तीने त्या अर्ध्यात थांबतात. मग आकडा चुकतो, आणि आकडा चुकला की पुढचं सगळंच चुकतं.

सकाळचं पहिलं काम म्हणजे मशीनची तपासणी. तीन लिटरच्या सिरिंजने हवा ढकलायची. मशीनने तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक दाखवला तर पेशंट आत घ्यायचा नाही. मग पेशंटची उंची, चप्पल काढून. पाठ वाकलेली असेल तर दोन्ही हात आडवे पसरायला लावून माप घ्यायचं. त्या वयाच्या नि उंचीच्या निरोगी माणसाच्या फुंकरीत किती हवा असावी, हे मशीन त्यावरून काढतं.

लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने 1846 मध्ये फुप्फुसातली हवा मोजणारं यंत्र जगापुढे मांडलं. त्याने हजारो माणसं तपासली, पण मोजली ती फक्त किती हवा बाहेर येते तेवढी. पहिल्या सेकंदात किती येते, हा प्रश्न मोलाचा ठरायला आणखी शंभर वर्षं गेली; फ्रान्सच्या तिफनोने 1947 मध्ये तो मांडला. आज माझं सगळं काम त्या एका सेकंदावर चालतं. एकूण हवेतली सत्तर टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर आली, तर श्वासनळ्या अरुंद झाल्यात असं धरतात. तेव्हा पडद्यावरची रेषा टोकाला जाऊन सरळ उतरायच्या ऐवजी कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी मध्येच झोळ खाते.

झोळ मात्र दम्यातही दिसतो आणि सीओपीडीतही, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट आजारातही. स्टेथोस्कोप लावला तर घरघरही दोन्हींत ऐकू येते.

एका सकाळी दोघं लागोपाठ आले. दोघांच्या चिठ्ठीवर एकच मजकूर, ‘दम लागणे, घरघर’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. एक सव्वीस वर्षांचा मुलगा, धान्याच्या गोडाऊनमध्ये हिशेब लिहिणारा. दुसऱ्या साठीच्या मावशी, तालुक्याच्या पलीकडच्या वाडीतल्या. मुलाची पहिल्या सेकंदाची हवा 2.10 लिटर, मावशींची 0.98. दोघांचंही प्रमाण सत्तरच्या खाली. मग दोघांना स्पेसरच्या नळकांड्यातून नळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार पफ दिले आणि पंधरा मिनिटं बाहेर बसवलं.

ही पंधरा मिनिटं मला मशीनपेक्षा जास्त सांगतात. मुलगा सांगत होता, लहानपणापासून सर्दी-शिंका, आजोळी बऱ्याच जणांना दमा. पहाटे तीन-चारला छाती आवळून जाग येते. मधले दिवस मात्र एकदम ठणठणीत, रविवारी कबड्डीसुद्धा खेळतो. मावशींना असे मधले बरे दिवस नव्हतेच. काही वर्षांपूर्वी चढावर दम लागायचा, मग सपाटीवर लागायला लागला, आता अंघोळ करताना लागतो. सकाळी बेडका पडतो. मी विडीचं विचारलं.

“न्हाई बाई, हात बी लावला न्हाई कदी.”

“आणि चूल?”

“ती तर जलमभर.” लग्नाआधी आईच्या घरी, नंतर सासरी. छपराला धुराडं नाही. पावसाळ्यात ओली लाकडं, ती पेटेपर्यंत फुंकणी. वर मशेरी भाजायची ती वेगळीच.

विडी-सिगारेट नाही म्हटलं की सीओपीडीचा विचारच बाजूला पडायचा, अशी आपल्याकडे फार दिवस रीत होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की सीओपीडीच्या पेशंटांपैकी 25 ते 45 टक्के लोकांनी कधी धूम्रपान केलेलंच नसतं. त्यांच्या तेव्हाच्या आकड्यांप्रमाणे तंबाखू ओढणारे जगात शंभर कोटींच्या आसपास होते, तर लाकूड-शेणीच्या धुरात राहणारे तीनशे कोटी. म्हणून माझ्या मते विडीच्या प्रश्नाला जोडूनच चुलीचा प्रश्न विचारला पाहिजे, आणि ‘गॅस आहे का’ एवढ्यावर थांबू नये. उज्ज्वला योजनेचं सिलिंडर मावशींच्याही घरी होतं. त्यावर चहा व्हायचा. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच.

पुन्हा फुंकून घेतलं. मुलाचे 2.10 चे 2.75 झाले. सहाशे पन्नास मिलिलिटर, म्हणजे तीस टक्क्यांवर वाढ, आणि प्रमाणही सत्तरच्या वर गेलं. आवळलेल्या नळ्या मोकळ्या झाल्या होत्या. मावशींचे 0.98 चे 1.05. सत्तर मिलिलिटर! बारा टक्के आणि दोनशे मिलिलिटर, दोन्ही ओलांडले तर ती वाढ खरी धरायची पद्धत आहे. मावशी कुठेच पोचल्या नाहीत. धुराने वर्षानुवर्षं जाड झालेल्या नळ्या आणि झिजलेली फुप्फुसं चार पफनी पूर्ववत होत नाहीत.

हा फरक औषधात उतरतो, म्हणून एवढा खटाटोप. दम्यात मूळ औषध सूज उतरवणारं, श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड. नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दमेकऱ्याने राहू नये, असं 2019 पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. सीओपीडीत भर असतो नळ्या जास्त वेळ उघड्या ठेवणाऱ्या औषधांवर. स्टिरॉइड सगळ्यांना द्यायचं नसतं, कारण त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. आणि धूर थांबला नाही तर घसरण चालूच राहते. पण ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’ हे आमच्या बाकड्यावर इतकं पक्कं बसलंय, की तो मुलगाही म्हणाला, “मॅडम, गोळीवर नाही का भागणार?”

सगळे पेशंट असे सरळ दोन आजारांत वाटले जात नाहीत. दमेकरी बऱ्या दिवशी आला तर रिपोर्ट चक्क नॉर्मल येतो. सीओपीडीवाल्याचेही औषधानंतर कधीकधी दोनशे मिलिलिटर वाढतात. वर्षानुवर्षं उपचार न घेतलेल्या दम्यात नळ्या कायमच्या अरुंद होऊ शकतात, आणि लहानपणचा दमेकरी पुढे वीस वर्षं विड्या ओढून आला तर दोन्ही आजार एकाच छातीत सापडतात. अशा वेळी मी रिपोर्टवर औषधाआधीचा आणि नंतरचा आकडा लिहिते, खाली पेन्सिलने ‘चूल’, ‘विडी’, ‘लहानपणापासून’ असं जे असेल ते टिपते, आणि डॉक्टर औषध सुरू करून काही आठवड्यांनी पुन्हा फुंकायला पाठवतात. येताना सकाळचा पंप घेऊ नका, एवढं मात्र चिठ्ठीवर लिहायला हवं. ते बहुतेक वेळा राहतं, मग पेशंट एसटीने येतो आणि तपासणी न होताच परत जातो.