हलकी प्रणाली, सुरेल मुद्रण

विद्यार्थी मित्रांनो, घरच्या जुन्या संगणकावर पेटीवादन ध्वनिमुद्रित करायचे आहे ना? मग आधी थोडे गणित करू.

संगणक आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतो, पण ते गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो. १०२४ नमुन्यांचा गठ्ठा भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात हवेतला ध्वनी ७ मीटर जातो! म्हणजे हेडफोनमध्ये आपलाच सूर निदान ७ मीटरांवरून आल्यासारखा उशिरा ऐकू येतो आणि ताल चुकतो.

गठ्ठा १२८ नमुन्यांचा केला तर हे अंतर १ मीटरहून कमी होते. पण आता दर २.७ मिलिसेकंदांनी एक गठ्ठा उपसलाच पाहिजे. संगणक क्षणभर दुसऱ्या कामात गुंतला, की मुद्रणात ‘टक्’ असा खंड पडतो. म्हणून प्रणाली हलकी हवी. डेबियन लिनक्सवर एक्सएफसीई हा साधा डेस्कटॉप घ्या; मागे चालणारी अनावश्यक कामे बंद करा. वेळेच्या कामाला अग्रक्रम देणारी व्यवस्थाही २०२४ साली लिनक्सच्या मूळ गाभ्यात आली आहे.

आता प्रयोग करा. गठ्ठा निम्मानिम्मा करत जा. ‘टक् टक्’ ऐकू आले, की एक पायरी मागे या. तीच तुमच्या संगणकाची मर्यादा!