फँटमचा निरोप आणि कुंपणाबाहेरचे कॅमेरे

२०१३ ते २०२४ या अकरा वर्षांत एफ-४ फँटम हे लढाऊ विमान एकामागून एका देशाच्या हवाई दलातून निवृत्त झालं. २७ मे १९५८ रोजी त्याचं पहिलं उड्डाण झालं आणि पुढं अशी ५,१९५ विमानं बांधली गेली. टोकाशी वर वळलेले पंख, खाली झुकलेली शेपटी आणि दोन जे-७९ इंजिनांचा काळा धूर यांमुळं ते लांबूनही ओळखू येई. त्याच्या अखेरच्या वर्षांचा इतिहास सरकारी कागदपत्रांइतकाच हौशी छायाचित्रकारांनीही जपला आहे.

सुरुवात जर्मनीपासून झाली. २९ जून २०१३ रोजी विटमुंडच्या तळावर निरोपाचा कार्यक्रम झाला. निळ्या-सोनेरी रंगात सजवलेलं फँटम टिपायला देशोदेशींचे छायाचित्रकार आले होते. अमेरिकेत उरलेली विमानं चालकाविना उडवून क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांत लक्ष्य म्हणून वापरली जात. तिथलं शेवटचं उड्डाण डिसेंबर २०१६ मध्ये हॉलोमन तळावर झालं.

जपानचा निरोप सर्वांत हृद्य म्हणावा लागेल. टोकियोच्या ईशान्येला असलेल्या ह्याकुरी तळाच्या कुंपणाबाहेर हौशी मंडळी घडीच्या शिड्या मांडून भल्या सकाळपासून उभी असत. शिडीवर चढलं की कॅमेरा तारांच्या वर येतो, धावपट्टी मोकळी दिसते. याच तळावर ५०१ क्रमांकाची स्क्वाड्रन आरएफ-४ ही टेहळणी विमानं उडवत असे. त्यांच्या नाकात फिल्मचे कॅमेरे होते. विमान उतरलं की फिल्म काढायची, धुवायची आणि मगच छायाचित्र हाती यायचं. डिजिटल युगात ही पद्धत टिकणं शक्य नव्हतं. मार्च २०२० मध्ये ती स्क्वाड्रन बंद झाली. शेपटीवर बेडूक मिरवणाऱ्या ३०१ क्रमांकाच्या स्क्वाड्रननंही त्याच वर्षाअखेर ह्याकुरीतून फँटमला निरोप दिला.

दक्षिण कोरियाची पाळी ७ जून २०२४ रोजी सुवोनला आली. १९७५ मध्ये देशातल्या नागरिकांनी वर्गणी काढून पाच फँटम घेऊन दिली होती. म्हणून हवाई दलानं मे महिन्यात चार विमानांचा ताफा देशभर फिरवला आणि लोकांना आपली विमानं डोळे भरून पाहू दिली.

फँटम आता ग्रीस, तुर्कस्तान आणि इराणमध्येच उरलं आहे. त्याचे निरोप टिपणाऱ्या हौशी छायाचित्रकारांच्या संग्रहात विमानाचा क्रमांक, स्क्वाड्रनचं चिन्ह, रंगसंगती, तारीख यांची चोख नोंद असते. कोणतं विमान कधी कुठं होतं, हे त्यावरून पडताळता येतं.

आपल्याकडं भारतात मिग-२१ या लढाऊ विमानाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप दिला गेला. नाशिकजवळच्या ओझरला ही विमानं बनली, तरी सामान्य हौशी छायाचित्रकाराला ती जवळून टिपण्याची संधी क्वचितच मिळाली. सुरक्षेचे नियम हवेतच; पण ठरावीक दिवशी, ठरावीक जागेवरून, ओळखपत्र तपासून छायाचित्रं काढू देता येतात. १९७९ पासून सेवेत असलेलं जग्वार हे लढाऊ विमान आज जगात फक्त भारतीय हवाई दलच उडवतं. त्याच्या निवृत्तीची वाट न पाहता हवाई दलानं असे दिवस आत्ताच सुरू करावेत.