नियंत्रण सिद्धांताकडून कर्करोगाकडे

एम. विद्यासागर हे नाव अभियंत्यांना माहीत होतं ते नियंत्रण सिद्धांतामुळे. गुंटूरमध्ये जन्म, 1969 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएचडी, पुढे कॅनडात अध्यापन. 1989 मध्ये बंगळुरूत संरक्षण संशोधनातल्या कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्राचे ते पहिले संचालक झाले. यात कर्करोग कुठेच नव्हता.

2000 मध्ये ते हैदराबादला टीसीएसमध्ये आले, त्याच वर्षी मानवी जनुकसंचाचा मसुदा जाहीर झाला. जीवशास्त्राला एकाएकी गणिती हवे झाले. टीसीएसने सीएसआयआरच्या साथीने 2004 मध्ये ‘बायो-सूट’ ही जैवमाहितीची संगणकप्रणाली आणली. 2009 मध्ये विद्यासागर टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत गेले. तिथे त्यांना अगदी नेमका प्रश्न मिळाला.

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग लसिकाग्रंथींत पसरला आहे का, हे शस्त्रक्रियेआधी खात्रीने सांगता येत नसे. म्हणून गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असली की ग्रंथी काढायच्या, असा दंडक होता. पहिल्या टप्प्यातल्या बहुतेक रुग्णांच्या ग्रंथी निरोगीच असत. ग्रंथी काढल्याने येणारी पायांची सूज मात्र काहींच्या मागे कायमची लागे.

हाताशी 86 गाठी होत्या, प्रत्येकीत मोजलेले सूक्ष्म-आरएनए हे छोटे रेणू मात्र हजारांवर. रुग्ण थोडे आणि मोजमापं उदंड असली की कोणतंही सूत्र जुळवता येतं. त्यांच्या गटाच्या ‘लोन स्टार’ पद्धतीने निरुपयोगी मोजमापं टप्प्याटप्प्याने गाळली, उरली 18. त्या 86 गाठींवर निदान 100 टक्के बरोबर आलं. पण ही तर पाठ केलेल्या वहीतलीच परीक्षा! खरा कस लागला तो न पाहिलेल्या 28 गाठींवर. पसरलेल्यांपैकी 90 टक्के आणि न पसरलेल्यांपैकी 80 टक्के ओळखता आल्या. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आज वळून पाहताना शंभर टक्क्यांपेक्षा हे नव्वद टक्केच मोलाचे वाटतात. तरी त्यांच्यावर विसंबून कोणाच्या ग्रंथी न काढता सोडणं धाडसाचंच. कर्करोग पसरलेल्या दहापैकी एक रुग्ण निसटतेच.

पुढे विद्यासागर आयआयटी हैदराबादमध्ये आले. डॅलसचे नमुने अमेरिकी स्त्रियांचे होते. त्या 18 खुणा हैदराबादच्या एमएनजे कर्करोग रुग्णालयात येणाऱ्या बाईलाही लागू पडतील, असं गृहीत धरता येत नाही. त्यासाठी इथल्या गाठी, इथल्या नोंदी आणि पुन्हा एकदा न पाहिलेल्या नमुन्यांवरची परीक्षा हवी. सूत्र तयार आहे. नमुने गोळा करणं मात्र गणित्याच्या हातचं नाही, ते रुग्णालयांनी करायचं काम आहे.