बचत गटाची तपासणी? भिता कशाला!

"उद्या बँकेचे साहेब गट पाहायला येणार," असा निरोप आला, की गटातल्या बायकांच्या पोटात गोळा येतो. काय विचारतील? कर्ज नाकारलं तर? मग रात्री जागून वह्या भरायच्या, गैरहजर असलेलीचीही सही उरकून घ्यायची! भगिनींनो, गट अडचणीत येतो तो इथंच.

बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम नाबार्डनं १९९२ साली सुरू केला. कर्जाआधीची तपासणी म्हणजे काही बायकांची परीक्षा नव्हे. त्यात मुख्यतः पाच गोष्टी पाहतात: बैठका, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड आणि हिशेब, सगळं नियमित आहे ना? हीच ती पंचसूत्री.

एखादीचा हप्ता थकलाय? लपवू नका. का थकला, कधीपासून फेडणार, हे बैठकीच्या वहीत त्याच दिवशी लिहा. थकलेला हप्ता समजून घेता येतो. खोट्या सहीवर विश्वास कोण ठेवील?

हिशेब एकट्या सचिवबाईंनाच ठाऊक, असंही नको. दर बैठकीत तो मोठ्यानं वाचा. मग साहेब कुणालाही विचारोत, उत्तर एकच येईल. आणि साहेब आले नाहीत तरी, पैसा आपलाच आहे ना? मग तो आपणच नको का तपासायला?