शिक्षा कवितेला, फाशी कोणाला?

लोटे म्हटलं की मुंबई-गोवा महामार्ग, परशुराम घाट आणि एमआयडीसीतला रसायनांचा वास. सकाळच्या पाळीच्या वेळी फाट्यावर चहा घेत उभ्या असलेल्या माणसांत कवितेचा विषय निघणं अवघडच. तरी एका कवितांच्या पुस्तिकेचा धागा याच खेड तालुक्यात येऊन पोचतो. तालुक्यातलं आयनी हे अनंत कान्हेरेंचं जन्मगाव.

पुस्तिका नाशिकची. ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावानं ती बाबाराव सावरकरांनी प्रसिद्ध केली. तीत कवी गोविंदांची, म्हणजे आबा दरेकरांची पदं होती. आबांचे पाय लुळे. तरुणपणी लावण्या रचायचे. सावरकर बंधूंची संगत लागली, त्यांच्या मित्रमेळा या क्रांतिकारी संघटनेत बसणं-उठणं सुरू झालं आणि लावणीवर तयार झालेला हात पोवाड्याकडे वळला. त्यांची पदं पोरांच्या तोंडी बसायची, यात लावणीच्या ठेक्याचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं. सरकारला नुसत्या छापील कागदाची कसली भीती? भीती गळ्यांची होती.

या पुस्तिकेपायी जून १९०९मध्ये बाबारावांना जन्मठेप, काळं पाणी झालं. कलम १२१, राजाविरुद्ध युद्धाला चिथावणी. हायकोर्टात न्यायमूर्ती नारायण चंदावरकरांसमोर अपील आलं. देवांची आणि शिवाजी महाराजांची नावं ही निव्वळ निमित्तं, खरा रोख चालू सरकारवर आहे, असं त्यांनी नोंदवलं आणि शिक्षा कायम राहिली. समीक्षा म्हणून हे वाचन अचूकच म्हणायचं! फक्त या समीक्षेला अंदमान जोडलेलं होतं.

बाबारावांवरचा खटला उभा राहिला तो कलेक्टर जॅक्सनच्या हातून. गंमत अशी, की हा जॅक्सन संस्कृतचा जाणकार. त्याची बदली झाली, निरोपादाखल नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग ठरला. २१ डिसेंबर १९०९. बाबारावांच्या शिक्षेचा बदला म्हणून नाटकाला आलेल्या जॅक्सनवर कान्हेरेंनी तिथंच गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे फासावर गेले. खेड तालुक्यातला हा मुलगा तेव्हा अठराच्या आसपास होता.

पदं लिहिली आबांनी, अंदमानात गेले प्रकाशक, फासावर गेली ती पोरं. अझरबैजानात मात्र हिशेब थेट कवीच्या दारात आला. अहमद जवाद यांनी १९१८ साली जन्मलेल्या छोट्या प्रजासत्ताकासाठी राष्ट्रगीत लिहिलं. १९२०मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, गीत बंद झालं. १९३७च्या ऑक्टोबरात जवाद यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यांची पत्नी शुक्रिया यांची रवानगी कझाकस्तानातल्या छावणीत झाली. कवीची बायको, एवढाच त्यांचा अपराध. सोव्हिएत संघ मोडल्यावर, १९९२मध्ये, तेच गीत पुन्हा राष्ट्रगीत झालं.

आबांच्या वाट्याला असा सरकारी मान आला नाही. १९२६मध्ये ते गेले. अंथरुणाला खिळून मरणाची वाट पाहताना त्यांनी जी कविता लिहिली, तिच्यात ना तलवार, ना शिवाजी. ‘सुंदर मी होणार’ हे तिचं नाव. पुढं पु. ल. देशपांड्यांनी ते आपल्या नाटकाला दिलं, आणि आज ते कोणी उच्चारलं की आठवतात पु. ल.